सी ड्राईव्ह भरलेला, डी रिकामा, तरी ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकटच: कारण आणि उपाय

सी ड्राईव्हची पट्टी लाल झालेली असते आणि डी मध्ये दोन-तीनशे जीबी नुसती पडून असतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून डी वर राइट क्लिक करायचं, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने शंभर जीबी मोकळी करायची, काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ असं दिसतंही. मग सी वर राइट क्लिक करावं, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट. दाबताच येत नाही.

इथे बहुतेक जण काँप्युटर रीस्टार्ट करतात, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करतात, शेवटी इंटरनेटवरून एखादं ‘पार्टिशन मास्टर’ छाप टूल उतरवतात. हा परवानगीचा प्रश्न नाही आणि विंडोज बिघडलेलीही नाही. जागा मोकळी झाली आहे, पण ती सी ला लागून नाही. एवढी एक गोष्ट नीट कळली की उपायाची निवड तुम्ही स्वतः करू शकता, म्हणून आधी ती समजून घेऊ.

पार्टिशन म्हणजे दोन आकडे

हार्ड डिस्क असो की एसएसडी, काँप्युटरला ती सेक्टरांची एक सरळ ओळ म्हणून दिसते. शून्यापासून शेवटपर्यंत क्रमांक दिलेले सेक्टर, आणि बहुतेक डिस्कवर एका सेक्टरमध्ये 512 बाइट. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. कुठलं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं आणि कुठे संपतं, हे त्यात लिहिलेलं असतं. सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह म्हणून आपण जे पाहतो ते त्या तक्त्यातल्या एकेका नोंदीवर उभं असतं. या तक्त्याला डिस्कचा सातबारा म्हणा हवं तर: जमीन जागच्या जागी असते, बांध कुठे ते कागद सांगतो.

एका नोंदीत एकच सलग पट्टा लिहिता येतो. ‘इथून इथपर्यंत, आणि पुढे पलीकडचा तो तुकडाही माझाच’ असं लिहायची सोय त्या नोंदीत नाही. त्यामुळे सी वाढायचा तर त्याच्या उजव्या कडेला चिकटूनच मोकळी जागा हवी.

डी ‘श्रिंक’ केला तेव्हा काय झालं ते आता पाहा. श्रिंक पार्टिशनच्या शेवटाकडून जागा सोडतं. म्हणजे मोकळे शंभर जीबी डी च्या उजवीकडे गेले. सी आणि मोकळी जागा यांच्या मध्ये अख्खा डी उभा आहे.

मग विंडोज डी डावीकडून कमी का करत नाही? एनटीएफएस, म्हणजे पार्टिशनमध्ये फायली मांडायची विंडोजची पद्धत (फाईल सिस्टिम), आपल्या फायलींचा हिशेब पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजतं. कुठली फाईल कितव्या क्लस्टरमध्ये, म्हणजे सेक्टरांच्या गठ्ठ्यात, आहे, हे सगळं त्या सुरुवातीच्या सापेक्ष लिहिलेलं असतं. शेवट सरकवायचा तर तक्त्यातला आकडा बदलायचा, फाईल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी वाढवायच्या, की काही सेकंदांत काम संपतं. सुरुवात सरकवायची तर आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो. हे काम विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट करतच नाही. बाहेरची टूल्स करतात, पण त्यांनाही तितकाच डेटा हलवावा लागतो, आणि हलवताना वीज गेली तर डेटा अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे राहतो.

आधी डिस्क मॅनेजमेंटचं चित्र वाचा

विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून यादीतून डिस्क मॅनेजमेंट निवडा. खालच्या अर्ध्या भागात डिस्क 0 समोर चौकटींची रांग दिसेल. या रांगेतला क्रम हाच डिस्कवरचा खरा क्रम असतो. वरच्या यादीत पार्टिशनांची नुसती नावं असतात, त्यामुळे ती पाहून निर्णय घेऊ नका. चौकटींची रुंदीही आकाराच्या प्रमाणात असेलच असं नाही, म्हणून आतले आकडे वाचा.

मग डाव्या टोकाला जिथे ‘डिस्क 0’ लिहिलंय, तिथे राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. ‘पार्टिशन स्टाइल’पुढे एमबीआर किंवा जीपीटी दिसेल; हे त्या पार्टिशन तक्त्याचेच दोन प्रकार. ते कागदावर लिहून ठेवा.

एमबीआर हा जुना तक्ता. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर 10 एमबीची हार्ड डिस्क आली, तेव्हाच्या पीसी डॉस 2.0 पासून तो चालत आला आहे. पहिल्याच सेक्टरच्या 512 बाइटांत त्याला सगळं बसवायचं होतं: 446 बाइट बूट करण्याच्या कोडसाठी, 64 बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे 2 बाइट खूण म्हणून. एका नोंदीला 16 बाइट लागतात, म्हणून नोंदी फक्त चार. चारपेक्षा जास्त पार्टिशनं हवीत म्हणून पुढे ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन आलं. चारपैकी एक नोंद त्याला द्यायची आणि त्याच्या पोटात ‘लॉजिकल’ ड्राईव्ह करायचे. सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहिलेला असल्यामुळे 512 बाइटांच्या सेक्टरवर एमबीआर 2 टीबीच्या पुढे जात नाही. 4 टीबीच्या डिस्कवर अर्धी जागा गायब दिसते, ती याच कारणाने.

जीपीटीमध्ये ही कोंडी नाही. विंडोज त्यात 128 नोंदी ठेवतं, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरांत असते, त्यामुळे सुरुवातीचा भाग खराब झाला तरी ती वापरता येते. 2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हापासूनचे बहुतेक तयार लॅपटॉप जीपीटीचे असतात.

1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते आणि 512 जीबीची एसएसडी 476 जीबी, म्हणून कुणी जागा खाल्ली असा संशय धरू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. फरक तेवढाच.

आता तुमचं चित्र यांपैकी कुठलं?

सी च्या लगेच उजवीकडे काळी अनअलोकेटेड जागा असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ चालतंच. दाबा आणि पुढच्या कामाला लागा.

सी, डी आणि मग काळी जागा, असा क्रम असेल तर वर सांगितलेली अडचण आहे. सगळ्यांत भरवशाचा उपाय कंटाळवाणा आहे, पण मी तोच सुचवतो. डी मधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्या डिस्कवरचे चार-पाच मोठे फोल्डर उघडा, त्यातले फोटो आणि फायली खरंच उघडताहेत का ते पाहा. मग डी वर राइट क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’. आता सी च्या शेजारी सलग जागा आली. सी हवा तेवढा वाढवा, उरलेल्या जागेत ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा आणि डेटा परत आणा. डी चं अक्षर आधीचंच द्या, म्हणजे जुने शॉर्टकट तुटत नाहीत. मात्र डी मध्ये एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलेलं असेल तर ते आधी पाहून घ्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटा डी मध्ये ठेवायची पद्धत आपल्याकडच्या दुकानांत आणि ऑफिसांत फार आहे. त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप वेगळा घ्या, नुसत्या फोल्डरच्या कॉपीवर विसंबू नका.

बाहेरची डिस्क नाही म्हणून डी तसाच सरकवायचा मोह होतो. जीपार्टेड हे मोफत टूल पेनड्राइव्हवरून बूट करून ते करता येतं. पण तीनशे जीबी डेटा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सरकवायला अनेक तास लागतात. ज्या गावात दिवसातून दोनदा वीज जाते तिथे यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर हे करू नका. लॅपटॉप असेल तरी चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. आणि बॅकअप नसेल तर हा मार्ग मुळात धरूच नका. मित्राकडून दोन दिवसांसाठी डिस्क मागून आणणं यापेक्षा सोपं आहे.

मध्ये ‘रिकव्हरी पार्टिशन’ अडलं असेल तर

गेल्या काही वर्षांत सगळ्यांत जास्त गोंधळ याचा आहे. डी डिलीट केला, डेटाही सुरक्षित आहे, तरी एक्स्टेंड फिकटच. नीट पाहिलं तर सी आणि काळ्या जागेच्या मध्ये पाच-सातशे एमबीची एक छोटी चौकट असते आणि त्यात ‘रिकव्हरी पार्टिशन’ लिहिलेलं असतं. त्यावर राइट क्लिक केलं तर मदतीशिवाय दुसरा काहीच पर्याय मिळत नाही.

विंडोज सुरूच होईनाशी झाली की जी निळी दुरुस्तीची स्क्रीन येते, ती या पार्टिशनमधून येते. विंडोज 10 च्या 2004 या आवृत्तीपासून कोरं इन्स्टॉलेशन केलं की सेटअप ते मुद्दाम सी च्या लगेच मागे ठेवतो. त्याला कारणही आहे: अपडेटला रिकव्हरी मोठं करायचं असेल तर सी थोडा आक्रसून तिथे जागा करता येते. जानेवारी 2024 मध्ये केबी5034441 हे अपडेट असंख्य काँप्युटरांवर 0एक्स80070643 असा एरर देऊन अडलं, ते रिकव्हरीत पुरेशी जागा नव्हती म्हणूनच. तेव्हा हे पार्टिशन बिनकामाचं आहे असं समजून उडवू नका. ते फक्त उजव्या टोकाला सरकवायचं आहे, आणि त्यात डेटा काहीशे एमबीच असल्यामुळे ते काम थोड्या मिनिटांत होतं.

क्रम असा ठेवा. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. नव्या विंडोज 11 लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते पुष्कळदा आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की आधी मिळवा, कागदावर लिहा, आणि बिटलॉकर तात्पुरतं ‘सस्पेंड’ करा. की हातात नसताना पार्टिशनला हात लावू नका. ही पायरी गाळली आणि पुढच्या बूटला काँप्युटरने की मागितली, तर डिस्क धडधाकट असूनही डेटा तुमच्या हातचा गेला.

मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. इथे रीएजंटसी नावाची कमांड वापरायची आहे. इंग्रजी अक्षरं आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी, अशी सलग. त्यापुढे एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘इन्फो’ लिहिलं की रिकव्हरी चालू आहे का आणि कितव्या पार्टिशनवर आहे ते कळतं. मग ‘इन्फो’च्या जागी ‘डिसेबल’ लिहून तीच कमांड द्या. याने रिकव्हरीची मुख्य फाईल सी वर, विंडोजच्या सिस्टम32 मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. ती तिथे आली आहे याची खात्री करून घ्या. फाईल लपवलेली असते, म्हणून एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दिसतील अशी सेटिंग करा.

यानंतर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. नेहमीच्या शट डाउनने विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’साठी अर्धवट झोपलेली राहते आणि तशा एनटीएफएस पार्टिशनला जीपार्टेड हात लावायला नकार देतं. तो नकार योग्यच आहे. आता जीपार्टेडच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, रिकव्हरी पार्टिशन निवडून ‘रिसाइझ/मूव्ह’ने मोकळ्या जागेच्या अगदी उजव्या टोकाला न्या. आकार बदलू नका, फक्त जागा बदला. ‘अप्लाय’ दाबायच्या आधी खालच्या यादीत एकच काम लिहिलेलं आहे ना, ते वाचून पाहा.

सी ला जीपार्टेडमध्ये हात लावायची गरज नाही. परत विंडोजमध्ये या, डिस्क मॅनेजमेंट उघडा. आता मोकळी जागा सी ला लागून दिसेल आणि एक्स्टेंड उजळलेलं असेल. बिटलॉकर असलेला सी सुद्धा विंडोजच्या आतून वाढवता येतो, जीपार्टेडमधून नाही. म्हणून हे दोन टप्पे वेगळे ठेवले आहेत. सी वाढला की रीएजंटसी पुन्हा, या वेळी ‘एनेबल’ लावून. मग ‘इन्फो’ने खात्री करा आणि बिटलॉकर पुन्हा चालू करा.

डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांड टूलमधून ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’ देऊन रिकव्हरी एका फटक्यात उडवण्याचा मार्ग पुष्कळ व्हिडिओंत दाखवतात. त्यात दोन धोके आहेत. सी एन्क्रिप्ट केलेला असेल आणि वेगळं रिकव्हरी पार्टिशन नसेल, तर ‘एनेबल’ करताना विंडोज नकार देते, म्हणजे दुरुस्तीची सोय जाते. दुसरा धोका डिस्कपार्टचाच आहे. ते एकदाही ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. चुकीच्या क्रमांकाची डिस्क निवडून ‘क्लीन’ दिलं की तिच्यावरचा सगळा पार्टिशन तक्ता पुसला जातो.

एमबीआरवरचा हिरवा फास

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक प्रकार दिसतो. डी डिलीट केला, पण जागा काळी होण्याऐवजी फिकट हिरवी झाली आणि तिच्यावर ‘फ्री स्पेस’ असं आलं. डी हा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटातला लॉजिकल ड्राईव्ह होता. पोटातली जागा मोकळी झाली, पण पोट तसंच आहे. सी ला ती मिळणार नाही. त्या हिरव्या चौकटीवर पुन्हा राइट क्लिक करून ‘डिलीट पार्टिशन’ करा, मग ती काळी होईल. मात्र त्याच हिरव्या कडेच्या आत ई किंवा एफ असेल तर तो रिकामा केल्याशिवाय हे होत नाही.

याच डिस्कांवर कधी ‘ही डिस्क डायनॅमिकमध्ये बदलली जाईल’ अशी सूचना येते, बहुधा चार प्रायमरी पार्टिशनं असताना पाचवं करायला गेलात की. तिथे ‘नो’ दाबा. डायनॅमिक डिस्कवर जाणं एका क्लिकचं आहे. विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी परत बेसिकवर, म्हणजे नेहमीच्या प्रकारावर, यायचं तर सगळे व्हॉल्यूम डिलीट करावे लागतात.

श्रिंक पुरेसं होत नाही तेव्हा

डी मध्ये तीनशे जीबी रिकामी आहेत, पण श्रिंक फक्त चाळीसच देतं, असंही होतं. शेवटाकडे एखादी न हलणारी फाईल बसलेली असते. विंडोजची पेज फाईल (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा), रिस्टोअर पॉइंटच्या प्रती, किंवा एनटीएफएसचा स्वतःचा तक्ता. इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये 259 क्रमांकाची नोंद शोधा, कुठल्या फाईलने अडवलं ते तिथे लिहिलेलं असतं. पेज फाईल आणि रिस्टोअर पॉइंट बनवणारं सिस्टम प्रोटेक्शन त्या ड्राईव्हपुरतं बंद करून रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा वाट मोकळी होते. काम झाल्यावर दोन्ही पूर्ववत करा.

कदाचित पार्टिशनला हातच लावायला नको

सी वर वीस-पंचवीस जीबी हवी असतील तर एवढं सगळं करू नका. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स यांच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, आणि तिथून ‘मूव्ह’ने डी मधला फोल्डर दाखवा. पाच-सात वर्षांचे फोटो एका दुपारी सी वरून उतरतात. 16 जीबी रॅमच्या काँप्युटरवर हायबरनेशनची (उघडं काम डिस्कवर जपून काँप्युटर बंद करायच्या सोयीची) फाईल साधारण साडेसहा जीबी घेते, कारण विंडोज तिला रॅमच्या सुमारे 40 टक्के जागा देते. हायबरनेशन वापरत नसाल तर ते बंद करा, फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातं. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जुन्या विंडोजची आणि अपडेटांची उरलेली भर किती आहे तेही पाहा.

मुळात सी शंभर जीबीचाच का करून मिळतो, याचं उत्तर जुन्या दिवसांत आहे. डॉसच्या सुरुवातीच्या काळात एक पार्टिशन 32 एमबीच्या पुढे जातच नसे, नंतर फॅट16 या जुन्या फाईल सिस्टिमची मर्यादा 2 जीबी झाली. 4 जीबीची डिस्क घेतली की तुकडे करणं भागच होतं. 1996 नंतर फॅट32 आली, मग एनटीएफएस घरोघरी पोचली आणि ती सक्ती संपली. सवय मात्र राहिली, कारण विंडोज पुन्हा टाकताना डी मधल्या फायली वाचतात. तो फायदा खरा आहे. पण डी मधली प्रत म्हणजे बॅकअप, हा समज मोडून काढायला हवा. डिस्क बंद पडली की सी, डी, ई सगळे एकदम जातात.

नवा काँप्युटर घेताना दुकानदार ‘किती भाग करू?’ विचारतो. 512 जीबीच्या एसएसडीवर एकच सी ठेवा म्हणून सांगा. वेगळा डी हवाच असेल तर सी ला किमान 250 जीबी मागा.

चुकून भलतंच पार्टिशन डिलीट झालं तर

तिथेच हात थांबवा. डिलीट केल्याने तक्त्यातली नोंद जाते, आतला डेटा लगेच पुसला जात नाही. नवं पार्टिशन करू नका, आणि ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी खिडकी आली तर ‘कॅन्सल’ करा. विशेषतः एसएसडीवर, कारण क्विक फॉरमॅट केलं तरी विंडोज त्या सगळ्या जागेसाठी ट्रिमचा, म्हणजे ‘इथला डेटा आता नको’ असा, आदेश देते आणि मग परत मिळवण्यासारखं फारसं उरत नाही. टेस्टडिस्क हे मोफत टूल डिस्क चाळून हरवलेल्या पार्टिशनची सुरुवात आणि शेवट शोधतं आणि नोंद पुन्हा लिहून देतं. ते दुसऱ्या डिस्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालवा. ‘राइट’ निवडण्याआधी सापडलेल्या पार्टिशनमधल्या फायलींची यादी ‘पी’ दाबून पाहा. नावं ओळखीची दिसली तरच पुढे जा. यादी रिकामी आली, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर काँप्युटर बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.